काळजी वाटते, हे इंग्रजीत नेमकं कसं बोलायचं?

पागोळी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. बँकेतून निवृत्त होऊन ३ वर्षं झाली. नोकरीत आयुष्यभर इंग्रजी पत्रं लिहिली, दुसऱ्यांची सुधारून दिली. पण परवा उत्तरायणाच्या दिवशी एक साधं वाक्य तोंडातून नीट निघालं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हा धागा.

मुलगा कॅनडात, ओंटारियोतल्या लंडन शहरात शिकतो. एका बाईंच्या घरात खालची खोली भाड्याने घेतली आहे. रोज आपल्या रात्री आठला, म्हणजे त्याच्या सकाळी साडेनऊला, त्याचा फोन येतोच. रविवारी आला. सोमवारी आला नाही. मी केला तर बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच करडी टिक. मंगळवारी सकाळीही तीच. वर गच्चीवर सगळा वाडा जमलेला, पिपाण्या, पतंग कापला की ‘काय पो छे’चा आरडाओरडा, आणि मी खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर फोन मांडीत घेऊन. तिथे रेंज जरा बरी येते. कुणीतरी तिळगूळ हातावर ठेवला तो तसाच मुठीत राहिला. संध्याकाळी मूठ उघडली तर तीळ तळव्याला चिकटलेले.

साडेसातला, तिकडे नऊ वाजले तसा घरमालकीणबाईंना फोन लावला. म्हटलं, ‘आय अ‍ॅम हिज मदर. आय हॅव अ डाउट अबाउट माय सन. ही इज नॉट लिफ्टिंग द फोन. आय अ‍ॅम इन फुल टेन्शन.’ पलीकडे शांतता. मग त्यांनी विचारलं, त्याने काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी गडबडले. ‘नो नो, ही इज अ व्हेरी गुड बॉय’ एवढंच म्हणत राहिले. त्या सभ्यपणेच म्हणाल्या की भाडेकरूच्या खासगी गोष्टी मला बोलता येणार नाहीत, आणि फोन ठेवला.

माझे हातपाय गार पडले. शेजारची मुलगी पाणी प्यायला गच्चीवरून खाली आली होती. ती कामावर परदेशी ग्राहकांशी बोलते. मांज्याने कापलेल्या बोटांना चिकटपट्ट्या, तशाच हाताने तिने माझा फोन घेतला. म्हणाली, ‘हाय, आय अ‍ॅम कॉलिंग फॉर माय आंटी इन इंडिया. शी इज रिअली वरीड अबाउट हर सन. शी हॅजन्ट हर्ड फ्रॉम हिम सिन्स संडे. कुड यू प्लीज चेक ऑन हिम?’ त्याच बाई, तोच आवाज. म्हणाल्या, ‘ओ डिअर, ऑफ कोर्स.’ दहा मिनिटांत कळलं. पोरगं तापाने फणफणलं होतं, फोन बर्फात पडून बंद झाला होता, दोन दिवस तो खोलीत पडून होता. बाईंनी त्याला गरम सूप दिलं आणि मला मेसेज केला, ‘ही हॅज अ फीव्हर, बट ही इज ऑलराइट. आय विल कीप अ‍ॅन आय ऑन हिम.’

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. डाउट, टेन्शन हे शब्द आपण उठताबसता वापरतो, मग माझ्या बोलण्यात इतकं काय चुकलं की आईचा जीव टांगणीला लागलाय हेसुद्धा त्या बाईंपर्यंत पोचलं नाही? आणि ‘कीप अ‍ॅन आय’ म्हणजे त्या माझ्या मुलावर नजर ठेवणार? तसं नाही, असं शेजारची मुलगी म्हणते, पण मला मुळापासून कळायला हवंय. पुढच्या वेळी ती जिन्यात असेलच असं नाही.

अलकापुरी

पागोळीताई, आधी सांगा, मुलगा आता कसा आहे? वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. माझी मुलगी मेलबर्नला असते. तिकडे ‘नो वरीज’ दिवसभर कानावर पडतं. मला आधी वाटायचं, किती धीर देतात माणसं! पण ते नुसतं ‘हरकत नाही’ असतं, दुकानात सुटे पैसे देतानासुद्धा. खरोखर धीर द्यायचा तर ‘ट्राय नॉट टु वरी’ म्हणतात. त्यात तुमची काळजी त्यांनी ऐकली आहे हे तरी असतं.

जुना_मास्तर

ताई, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमचं वाक्य मराठी मनाने बरोबर रचलं होतं. अशा वेळी आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते. ही शंका म्हणजे काही वाईट तर झालं नसेल ना, ही भीती. पण शंका म्हणजे डाउट हे शाळेपासून डोक्यात पक्कं. इंग्रजीत एखाद्या माणसाबद्दल डाउट आहे म्हटलं की त्याच्या खरेपणाविषयी संशय आहे असं ऐकू जातं. बाईंचा प्रश्न त्यांच्या बाजूने सरळच होता. टेन्शनचंही तेच. इंग्रजी टेन्शन ताणलेल्या दोरीत असतं, आखडलेल्या मानेत असतं, दोन भावांच्या अबोल्यात असतं, सीमेवर असतं. आईला मुलाबद्दल वाटतं ते टेन्शन नव्हे, ती ‘वरी’.

आता खरी गंमत आपल्या ‘काळजी’ शब्दात आहे. काळजी आपण करतो, घेतो, आपल्याला ती वाटते आणि ती लागूनही राहते. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ यांत संज्ञा एकच, पण सांगणं अगदी उलट. इंग्रजीने या दोघांना वेगळी घरं दिली, करायची ती ‘वरी’, घ्यायची ती ‘केअर’. म्हणून ‘आय केअर फॉर माय मदर’ म्हटलं तर आईचं औषधपाणी मी बघतो किंवा माझा तिच्यावर जीव आहे, असा अर्थ होतो. तिच्याबद्दल धास्ती वाटते हे त्यात येत नाही. दुसरं, मराठीत काळजी ‘मला’ वाटते, भूक लागावी तशी बाहेरून येऊन लागते. इंग्रजीत मात्र मीच वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो, ‘आय अ‍ॅम वरीड’. आपल्या पिढीला हे उघडं वाटतं. परक्या माणसासमोर आपलं मन असं कसं मांडायचं? मग आपण टेन्शनसारख्या आडोशाच्या शब्दामागे जातो. माझ्या वर्गात हुशार मुलंही हेच करायची.

काळाचंही बघा. ‘आय वरी अबाउट हिम’ म्हणजे माझा स्वभावच तसा, सदा त्याची चिंता. ‘आय अ‍ॅम वरीड अबाउट हिम’ म्हणजे आत्ता, या घटकेला. ऐकणारा दुसऱ्या वाक्यावर हालचाल करतो, पहिल्यावर मान डोलावतो. आणि नेहमी ‘अबाउट’. ‘वरीड फॉर’ अगदीच चूक नाही, पण बोलताना ‘अबाउट’ सहज येतं.

‘वरी’ शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत ‘गळा आवळणे’ असं आहे. कुत्र्याने मेंढीची मानगूट धरून तिला हैराण करणं यालाही इंग्रजीत अजून ‘वरी’च म्हणतात, ब्रिटनच्या १९५३च्या पाळीव जनावरांच्या कायद्यात तो शब्द त्याच अर्थाने आहे. ‘अँक्शस’, म्हणजे चिंतातुर, हा शब्दही लॅटिनमधल्या आवळण्या-कोंडण्यातूनच आला. तुम्ही जिन्यात बसला होता तेव्हा घास उतरत नव्हता ना, तेच.

‘कीप अ‍ॅन आय ऑन’ची भीती काढून टाका. चुलीवर दूध ठेवून जाताना आपण जावेला म्हणतो, ‘जरा लक्ष ठेव गं.’ तेच हे. संशयाची नजर असती तर ‘वॉचिंग हिम’ म्हणाल्या असत्या. बाईंनी तुमच्या मुलाला दुधासारखं सांभाळायचं कबूल केलंय.

रेवाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. काळजी ही आतली गोष्ट, ती मातृभाषेतच बोलावी. ‘जीव टांगणीला लागला’ याला इंग्रजीत काय आहे? आपण दर भावनेला इंग्रजी शब्द शोधत बसलो तर उद्या आपले शब्दच विसरू. आमच्या घरी गुजराती शेजारीणसुद्धा ‘चिंता ना करो बेन’ म्हणते आणि ते थेट पोचतं.

पागोळी

रेवाकाठ, मुलाशी मी मराठीतच बोलते, त्याच्याशी कधी इंग्रजीत काळजी करणार नाही. पण त्याच्या दारापर्यंत जाऊ शकणारं जगातलं एकमेव माणूस त्या दिवशी फक्त इंग्रजी जाणत होतं. मला तिच्या पायाला चालना द्यायची होती. गुजराती शेजारणीचं आपल्याला कळतं, कारण तिच्या ओट्यावर आपण पिढ्यान् पिढ्या बसलो आहोत.

मुलगा आता बरा आहे. ताप उतरला.

ओंटारियोकर

पागोळीताई, मी मूळचा कारेलीबागचा, इथे १४ वर्षं झाली. एक उपयोगाची गोष्ट सांगतो, सगळ्या पालकांनी लिहून ठेवावी.

घरमालकीण भेटलीच नसती तर? इथे पोलिसांना ‘वेलनेस चेक’ करायला सांगता येतं. कुणाचा ठावठिकाणा लागत नसेल, बरंवाईट झालं असेल अशी भीती असेल तर पोलीस दारावर जाऊन बघून येतात. हा काही गुन्हा नोंदवणं नव्हे, मुलावर कसला डाग लागत नाही. भारतातून ९११ लावून इथे लागणार नाही. शहराच्या पोलिसांचा तातडी नसलेला साधा दहा आकडी नंबर त्यांच्या संकेतस्थळावर असतो, तो पुढे +१ लावून फिरवायचा. वाक्य असं: ‘आय वुड लाइक टु रिक्वेस्ट अ वेलनेस चेक ऑन माय सन. आय हॅव नॉट बीन एबल टु रीच हिम सिन्स संडे मॉर्निंग.’ मग लगेच पत्ता, खोलीचा किंवा युनिटचा नंबर, जन्मतारीख. बेसमेंटला पुष्कळदा वेगळं दार असतं, ते कुठल्या बाजूला आहे तेही मुलाकडून आधीच विचारून ठेवा.

आणि एक छोटं वाक्य जरूर बोला, ‘दिस इज नॉट लाइक हिम.’ म्हणजे असं तो कधी करत नाही. रोज ठरल्या वेळी फोन करणारा मुलगा दोन दिवस गप्प आहे, ही माहिती ऐकणाऱ्याला फार महत्त्वाची. आपण रडून सांगतो त्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं.

घरमालक, कॉलेज हे माहिती देत नाहीत त्याचा राग धरू नका. मुलगा सज्ञान आहे, त्याची माहिती आईलाही देता येत नाही. म्हणून ‘टेल मी अबाउट हिम’ असं मागूच नये. ‘कुड यू आस्क हिम टु कॉल मी?’ किंवा शेजारच्या मुलीने म्हटलं तसं ‘चेक ऑन हिम’. त्यातला ‘ऑन’ गाळू नका, नुसतं ‘चेक हिम’ म्हणजे झडती घ्या. तिने फार छान बोलून दाखवलं, काळजी कुणाची, कधीपासून, आणि तुम्ही काय करावं, तिन्ही आलं.

याशिवाय टोरंटोला आपलं वाणिज्य दूतावास आहे, आणि परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून चालू आहे.

शुश्रूषा

माझं माहेर मांजलपूर, गेली ९ वर्षं लेस्टरला नर्स आहे. रोज नातेवाइकांच्या काळज्या ऐकणं हाच माझा दिवस, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ओंटारियोकरांनी सांगितलं ते वॉर्डातही तसंच लागू आहे. आपली वयस्कर माणसं ‘आय हॅव टेन्शन’ म्हणतात तेव्हा इथली नवी नर्स रक्तदाबाचं यंत्र घेऊन येते, कारण तिला ‘हायपरटेन्शन’ ऐकू येतं. एका आजींच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. आजींना सांगायचं होतं की घरी आजोबा एकटे आहेत. त्यांचं मनगट धरून मी गुजरातीत विचारलं तेव्हा कुठे ते बाहेर आलं. ‘आय अ‍ॅम वरीड अबाउट माय हजबंड, ही इज होम अलोन’ एवढं वाक्य असतं तर तासाभराआधी कुणी फोन लावून दिला असता.

रुग्णाची तब्येत बिघडतेय असं वाटलं तर मात्र ‘वरीड’पेक्षा ‘कन्सर्न्ड’ वापरा. ‘वरीड’ माझ्या मनाबद्दल बोलतं, ‘कन्सर्न्ड’ समोरच्या गोष्टीकडे बोट दाखवतं. ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड अबाउट हर ब्रीदिंग.’ अमेरिकेत आरोग्य खात्याच्या संस्थेने संरक्षण खात्याबरोबर टीमस्टेप्स नावाचं प्रशिक्षण तयार केलं, त्यात कर्मचाऱ्यांना पायऱ्यापायऱ्यांनी बोलायला शिकवतात. आधी ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड’, ऐकलं नाही तर ‘आय अ‍ॅम अनकम्फर्टेबल’, तरीही नाही तर ‘दिस इज अ सेफ्टी इश्यू’. तिसऱ्या वाक्याला सगळ्यांनी हातातलं थांबवायचं असतं. डॉक्टरांना उलटं बोलायची सवय नसलेल्या आपल्या लोकांना ही शिडी फार उपयोगी आहे.

हे किती जिवावरचं असतं ते सांगते. २०२१ साली इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी रुग्णालयात सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते, पण ती मनावर घेतली गेली नाही. तिच्या पालकांनी लढा दिला आणि २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ येऊ लागला. प्रकृती ढासळतेय असं घरच्यांना वाटलं तर ते वेगळ्या तज्ज्ञ चमूकडून तातडीने तपासणी मागू शकतात. बडोद्याहून इथे मुलांकडे येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हा शब्द पाठ करावा.

आणखी दोन. फोनवर कुणी ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ म्हटलं की काळजाचं पाणी करून घेऊ नका. ‘आय अ‍ॅम अफ्रेड ही इज नॉट हिअर’ म्हणजे ‘माफ करा, ते इथे नाहीत’ इतकंच. तसंच इथे सकाळी भेटणारा जो तो ‘यू ऑलराइट?’ म्हणतो, तो रामराम आहे. खरी विचारपूस असेल तर माणूस थांबतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘आर यू शुअर यू आर ओके?’

नातवंडांचा_आजोबा

नात टेक्सासला, वय १५. मराठी समजते, बोलायला कचरते. तिची परीक्षा, तिची मैत्रीण दुरावली, हे सगळं सुनेकडून कळायचं आणि मला रात्र रात्र झोप नसायची. फोनवर मी विचारायचो, ‘हॅव यू ईटन?’ ती ‘येस’ म्हणायची. मग ‘स्लेप्ट वेल?’ पुन्हा ‘येस’. आपल्या ‘जेवलीस का?’मध्ये केवढं काय असतं! माझी आई मला न्यायमंदिरापाशी शिकवणीहून यायला उशीर झाला की तेवढंच विचारायची आणि मला कळायचं की ती खिडकीत उभी होती. इंग्रजीत त्यातलं जेवणच तेवढं उरतं. पोरीला वाटे, आजोबा हजेरी घेतात.

सुनेने एक वाक्य दिलं, ‘यू हॅव बीन ऑन माय माइंड.’ तू मनात घोळत होतीस. महिनाभर धीर झाला नाही, मग एका रविवारी म्हटलं. ती गप्प झाली. मग तिने विचारलं, ‘व्हाय, आजोबा?’ त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. मैत्रिणीचं तिने स्वतः सांगितलं.

विश्वामित्री

२०२४च्या ऑगस्टअखेरचा बडोद्याचा पूर सगळ्यांना आठवत असेलच. आमच्या समा भागात वीज गेलेली, गल्लीत कंबरभर पाणी, त्यात मगरी शिरल्याच्या बातम्या. फोनची बॅटरी ९ टक्के. अशात आमच्या अमेरिकन विहीणबाईंचा मेसेज, ‘वुई आर वरीड सिक अबाउट यू बोथ.’ ‘सिक’ वाचून मला वाटलं, त्यांच्याकडेच कुणी आजारी पडलं. मुलीने नंतर सांगितलं, काळजीने जीव अर्धा होणं ते हे. तेव्हा मी एवढंच लिहिलं, ‘वुई आर सेफ. द वॉटर इज गोइंग डाउन. विल कॉल टुमॉरो.’ आणि फोन बंद करून ठेवला. त्या बाई अजून म्हणतात की त्या तीन ओळी त्यांनी रात्रभर पुन्हा पुन्हा वाचल्या. माझ्या मते काळजी करणाऱ्याला ‘डोन्ट वरी’ म्हणण्यापेक्षा काय घडतंय ते सांगावं. उद्या कधी बोलू हे तर सांगावंच.

रेवाकाठ

आजोबांचं वाचलं. माझाही नातू तिकडेच आहे. मास्तर, ‘जीव भांड्यात पडला’ याला काय म्हणतात?

जुना_मास्तर

‘दॅट इज अ वेट ऑफ माय माइंड.’ मनावरचं ओझं उतरलं. भांडं आपलं, ओझं त्यांचं.

पागोळी

सगळ्यांचे उत्तर वाचून झाले, काही दोनदा. काल मी स्वतः घरमालकीणबाईंना फोन केला. शेजारच्या मुलीला मुद्दाम बोलावलं नाही. आधी कागदावर देवनागरीत लिहून काढलं, मग कागद उलटा ठेवला. म्हटलं, ‘आय वॉज वरीड सिक दॅट डे. आय डिड नॉट नो हाउ टु से इट. थँक यू फॉर कीपिंग अ‍ॅन आय ऑन हिम. इट इज अ वेट ऑफ माय माइंड.’ त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्यांचा मोठा मुलगाही दूर पश्चिमेला व्हँकुव्हरकडे कामाला असतो आणि आठवडा आठवडा फोन करत नाही. मी विचारलं, ‘आर यू वरीड अबाउट हिम?’ म्हणाल्या, ‘ऑल द टाइम.’ मग त्यांनी मुलांच्या तापाचं, मी आमच्या पतंगांचं सांगितलं. पाव तास कसा गेला कळलं नाही.

मुलाचा पत्ता, जन्मतारीख, तिथल्या पोलिसांचा साधा नंबर आणि ओंटारियोकरांची दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहेत. बेसमेंटचं दार कुठल्या बाजूला, तेवढं लिहायचं राहिलंय. आज आठला फोन येईल तेव्हा विचारते.